पलटणीतून न परतलेल्या पूर्वजाचा माग

सैन्यात भरती होऊन परत न आलेल्या पूर्वजाचा माग काढायचा म्हणजे दोन दप्तरांची गाठ घालायची. एक दप्तर गावाचे. त्यात माणूस बापाच्या नावाने, जातीने आणि शेताच्या नंबराने सापडतो. दुसरे दप्तर सैन्याचे. तिथे नंबर, हुद्दा आणि पलटण एवढीच त्याची ओळख. गाव लिहिलेले असलेच तर कारकुनाच्या कानावर जसे पडले तसे. या दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे सिद्ध करणे हेच शोधाचे खरे काम. बाकीचा भाग पत्रव्यवहाराचा आणि चिकाटीचा.

वर्धा जिल्ह्यात ही वाट सातारा-रत्नागिरीपेक्षा वेगळी पडते. इंग्रजांच्या काळात मराठा पलटणींची भरती मुख्यतः देशावरून आणि कोकणातून होई. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला आहे आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांची आठवण गाव आजही सांगते. वर्धा हा कापसाचा मुलूख. इथला सैनिक आपल्या गावात बहुधा एकटा-दुकटाच. त्यामुळे गावाची मिळून अशी आठवण क्वचित सापडते. एखाद्या घराची तेवढी असते आणि तीही तिसऱ्या पिढीत विरते. ‘पणजोबा बसऱ्याला गेले ते गेलेच’ किंवा ‘मोठे आजोबा ब्रह्मदेशाच्या लढाईत होते’ एवढे एक वाक्य मागे राहते.

त्या वाक्याला कागदाचा आधार शोधताना बहुतेक जण थेट दिल्ली किंवा लंडनकडे पाहू लागतात. सुरुवात मात्र घरातल्या कपाटातूनच व्हायला हवी. विदर्भातल्या असंख्य घरांत जात पडताळणीसाठी जमवलेली फाईल असते. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून कोणीतरी काका किंवा मामा तहसील आणि शाळांच्या चकरा मारून पणजोबांपर्यंतची वंशावळ, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल आधीच मिळवून बसलेला असतो. एका दाखल्यासाठी उभे केलेले हे कुटुंबाच्या इतिहासाचे काम वारसाच्या हाती आयतेच पडते. सैनिक पूर्वजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि मूळ गाव या तीन गोष्टी तिथूनच पक्क्या कराव्यात.

कोतवाल बुक हे जुन्या मध्य प्रांताचे वैशिष्ट्य. गावातले जन्म आणि मृत्यू गावचा कोतवाल आपल्या वहीत घेऊन पोलीस ठाण्यात कळवत असे. या वह्यांच्या नकला आता तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळतात. सैनिकाच्या बाबतीत त्यात एक मेख आहे. कोतवाल नोंद करी ती गावात झालेल्या मृत्यूची. मेसोपोटेमियात तापाने गेलेला किंवा इंफाळच्या वाटेवर गोळी लागलेला माणूस त्याच्या वहीत येण्याचे कारण नव्हते. ज्याच्या जन्माची नोंद आहे, भावाबहिणींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, फक्त त्याच्या मृत्यूची नाही, असा माणूस गावाबाहेर वारला असण्याचा संभव मोठा. जिथे नोंद नाही तिथेही अशी खूण मिळते.

मृत्यूचा अंदाज मग जमिनीच्या कागदांवरून काढावा लागतो. वर्धा जिल्ह्यात १९५१ पर्यंत मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत गावाचा सारा भरण्याची पद्धत होती. त्या काळातले पी-१ आणि मिसल हे जमिनीचे जुने कागद, नंतरचा अधिकार अभिलेख, त्यापुढचे सातबारा आणि फेरफार अशी ही साखळी आहे. एखाद्या वर्षी शेत त्या पूर्वजाच्या नावावर दिसते आणि काही वर्षांनी त्याच्या बायकोच्या किंवा भावाच्या नावावर, तर मृत्यू त्या दोन वर्षांच्या दरम्यानचा. जमिनीच्या कागदांचा आणखी एक उपयोग आहे. महाराष्ट्रात सरकारी जमीन वाटताना माजी सैनिकांना प्राधान्य मिळत आले आहे; अशी जमीन सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसते आणि ती कोणत्या आदेशाने मिळाली हे फेरफारात नोंदलेले असते. सैनिकाच्या विधवेच्या नावावर अशी जमीन निघाली तर सैन्याशी नाते सांगणारा सरकारी कागद गावातच सापडला म्हणायचे.

गावाचा पत्ता बदलत गेला

सैन्याच्या कागदावर गावाच्या पुढे तहसील, जिल्हा आणि प्रांत येतो. वर्ध्याच्या माणसाची सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. १८५३ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यातून आलेल्या नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग तोडून १८६२ मध्ये वर्धा जिल्हा झाला. मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. ते १८६६ मध्ये पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्ध्याला आले. तहसिली तीनच होत्या: वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट. आज आठ तालुके आहेत. म्हणून देवळीकडचा माणूस जुन्या कागदात वर्धा तहसिलीचा, आष्टी किंवा कारंज्याकडचा आर्वीचा आणि समुद्रपूरकडचा हिंगणघाटचा लिहिलेला सापडतो.

प्रांताचे नाव तर चार वेळा बदलले. सुरुवातीला मध्य प्रांत, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ च्या नोव्हेंबरपासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. १९५२ साली भरती झालेल्या आर्वीच्या जवानाच्या कागदावर राज्य मध्य प्रदेश असेल आणि ते बरोबरच आहे. त्याचे नाव महाराष्ट्राच्या यादीत शोधून सापडले नाही म्हणून कुटुंबाने हात टेकू नयेत. नदीच्या पलीकडची गोष्ट आणखी निराळी. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला आणि पुढे वऱ्हाड म्हणून वेगळा चालला. पुलगावहून नदी ओलांडली की जमिनीची पद्धत आणि दप्तर दोन्ही बदलतात. आजीचे माहेर पलीकडचे असेल तर तिच्या भावाची कोतवाल बुकातली नोंद अलीकडे शोधून उपयोग नाही.

यात सारख्या नावांचा घोळ आहेच. आष्टी वर्ध्यात आहे तशी बीडमध्येही आहे, सेलू परभणीतही आहे आणि कारंजा म्हटले की बाहेरच्याला वाशीमचे कारंजा लाड आठवते. तालुक्याच्या गावांची ही गत, तर पिंपळगाव-वडगावांचे काय सांगावे! इंग्रजी स्पेलिंगमध्ये देवळीचे ‘देओली’ होते आणि ‘ळ’ हे अक्षर नाहीसेच होते. शोध घेताना गावाचे नाव किमान तीन-चार प्रकारे लिहून पाहावे.

माणसाच्या नावाचेही तेच. जुन्या लष्करी नोंदींत आडनाव बहुधा नसते; नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावरच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे आणि त्यावरूनच ते सैनिक महार होते हे अभ्यासकांना ओळखता आले. आज नातवाचे आडनाव गावावरून पडलेले असते, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कागदावर धर्म बौद्ध लागलेला असतो आणि आजोबांच्या नोंदीत यांतले काहीच नसते. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. नाव, बापाचे नाव आणि गाव अशा तीन गोष्टी जुळल्या तरच माणूस जुळला असे धरावे. एकच जुळली आणि शिपाई वीरचक्राचा मानकरी निघाला, असल्या जुळण्या घराला आवडतात. त्या खऱ्या असतीलच असे नाही.

नंबर आणि पलटण

सैन्याच्या दप्तराची किल्ली म्हणजे सैनिकाचा नंबर. तो डिस्चार्ज बुकावर असतो, पेन्शनच्या आदेशावर (पीपीओ) असतो, जुन्या मनिऑर्डरीच्या पावतीवर किंवा पत्रावर असू शकतो. काहीच नसेल तर पदके पाहावीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून ती अजून वाचता येते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवरही बहुधा नाव आहे. पहिल्या युद्धात मेलेल्याच्या घरी ब्राँझची सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची एक तबकडीही पाठवली जाई. तिच्यावर फक्त नाव असते. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा मुद्दाम वगळलेला होता. अशा तबकड्या पितळ समजून मोडीत गेल्या, त्यांची मोजदाद नाही.

पदकावरून रणांगणही कळते. बर्मा स्टार असेल तर तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. आफ्रिका किंवा इटली स्टार असेल तर तिकडे. फक्त इंडिया सर्व्हिस मेडल आणि वॉर मेडल असेल, तर नोकरीचा बहुतेक काळ हिंदुस्थानातच गेला असे धरायला हरकत नाही. १९७१ च्या युद्धातला पूर्वी स्टार बांगलादेशाकडचा आणि पश्चिमी स्टार पाकिस्तानच्या सरहद्दीवरचा.

पलटणीचे नाव कळले तरी ते आजच्या नावाशी जुळवून घ्यावे लागते. १९२२ मध्ये सगळ्या पलटणींचे क्रमांक बदलले. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. महार सैनिकांचा इतिहास अधिक खंडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘लढवय्या जातीं’च्या धोरणाखाली महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला उभारली गेली आणि दुसरी, वर्ध्याच्या लोकांना जवळ पडणाऱ्या कामठीला. दुसऱ्या बटालियनने ब्रह्मदेशात काम केले आणि युद्धानंतर ती इराकमध्ये होती. तेव्हा विदर्भातल्या एखाद्या घरात १९४२-४३ साली आजोबा महार पलटणीत गेल्याची आठवण असेल, तर पहिला संशय कामठीचा घ्यावा. १९०५ साली पणजोबा महार पलटणीत लढत होते असे कोणी सांगितले, तर मात्र ते हिशेबात बसत नाही; तो माणूस पलटणीबरोबरच्या कामगारांत, खेचरवाल्यांत किंवा इस्पितळाच्या नोकरांत असावा. अशा बिनलढाऊ माणसांची संख्या पहिल्या महायुद्धात लाखांत होती आणि त्यांच्या नोंदी सर्वांत पातळ आहेत.

वर्ध्यात आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. इथल्या माणसाला ‘मिलिटरी’ म्हटले की पुलगावचा दारूगोळा डेपो आठवतो. आजोबा मिलिटरीत होते असे घरात सांगितले जाते तेव्हा ते सैनिक होते की डेपोतले नागरी कामगार, हे आधी पाहावे. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस डेपोला लागलेल्या आगीत सेनाधिकारी, संरक्षण सुरक्षा दलाचे जवान आणि अग्निशमनाचे नागरी कर्मचारी असे तिन्ही प्रकारचे लोक मेले. घटना एक, पण त्यांच्या सेवेचे कागद एका ठिकाणचे नाहीत. सुरक्षा दलाच्या जवानाची नोंद केरळातल्या कन्नूरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते आणि नागरी कर्मचारी तर सैनिकांच्या नोंदीत येतच नाही.

दोन महायुद्धांतले मृत

पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार आणि दुसऱ्यात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक मेले. त्यांची नावे सांभाळते ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था. दोन्ही युद्धांत मेलेल्या १७ लाख माणसांची तिची सूची संकेतस्थळावर फुकट पाहता येते. नावाने शोधणे हिंदुस्थानी सैनिकासाठी फारसे उपयोगाचे नाही, कारण एकाच नावाचे शेकडो निघतात. त्यापेक्षा जादा माहितीच्या रकान्यात जिल्ह्याचे नाव घालून भारतीय सैन्यापुरती यादी काढावी. दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ नोंदींत अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, अमुक गाव, वर्धा असा तपशील असतो. कोतवाल बुकातल्या बापाच्या नावाशी तो ताडून पाहता येतो. पहिल्या युद्धाच्या नोंदी पुष्कळदा त्रोटक असतात.

या शोधात कबरीची अपेक्षा ठेवू नये. हिंदू सैनिकाचे दहन होई, तेव्हा कबर नसतेच; नाव एखाद्या स्मारकावर किंवा स्मरणवहीत असते. ब्रह्मदेशातले नाव बहुधा यांगूनजवळच्या तौक्यानच्या रंगून स्मारकावर, इटलीतले कासिनोला. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांचेही नाव कासिनोच्याच भिंतीवर आहे. दिल्ली आणि कराचीच्या स्मरणवहीत अविभाजित हिंदुस्थानच्या २५ हजारांहून जास्त सैनिकांची नावे आहेत.

बसऱ्याची कथा वेगळी आणि कडवट आहे. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत-अल-अमाराच्या डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिलला त्यांना शरण जावे लागले. पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर युद्धकैदी मोठ्या संख्येने मेले. अनेकांच्या मृत्यूची नेमकी तारीख कोणालाच सांगता आली नाही. मेसोपोटेमियातल्या ४० हजारांहून अधिक मृतांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली; हिंदी शिपायांच्या मात्र पलटणी आणि पलटणवार आकडे. नावे फक्त कागदावरच्या यादीत राहिली. स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून शहरापासून ३२ किलोमीटरवर नेले गेले. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला: आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावे कुठेच आली नाहीत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांच्या वर नावे आहेत, ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. पणजोबांचे नाव तिथे नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मृत्यूचा दिवस कळला की त्या दिवशी काय घडले ते पलटणीच्या युद्ध-दैनंदिनीत वाचता येते. या दैनंदिन्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्या युद्धाच्या ‘डब्ल्यू. ओ. ९५’ या क्रमांकाखाली आहेत. त्यांत साध्या शिपायाचे नाव सहसा येत नाही, पण सकाळी हल्ला कुठून झाला, पाणी कुठे संपले, किती माणसे पडली हे येते. लष्कर आणि मध्य प्रांत यांच्या पत्रव्यवहारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आणि नागपूरचे राज्य पुराभिलेखागार ही दोन ठिकाणे.

स्वातंत्र्यानंतरचे जवान

१९४७ नंतरच्या सैनिकाचा माग त्या मानाने सरळ आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर पडलेल्या २५ हजारांहून अधिक जणांची नावे त्यागचक्राच्या भिंतींवर आहेत आणि ती संकेतस्थळावरही शोधता येतात. पुढचा पत्ता रेकॉर्ड ऑफिसचा: महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातले सागर, गार्ड्ससाठी कामठी, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. अर्ज वारसाने करावा आणि नात्याचा पुरावा जोडावा. वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत तो पाठवला तर पत्ता चुकण्याचा प्रश्न राहत नाही. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारायला कायद्याने फारच थोडी कारणे ठेवली आहेत.

पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची सेवा-कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात, पेन्शनरांची त्याहून जास्त काळ ठेवतात. ‘कागद उपलब्ध नाहीत’ असे उत्तर आले की लोक थांबतात. तिथे थांबू नये. सर्व सैनिकांची ओळीने नोंद असलेला लाँग रोल मागावा. भरती, सुटका किंवा मृत्यूची मोजकी नोंद त्यात राहते. लग्न, मुलांचे जन्म, बदली आणि मृत्यू यांची घोषणा पार्ट टू ऑर्डरने होते. तिची प्रत घरात असेल तर विधवेच्या नावातल्या चुकीवरून अडकलेली कामेही सुटतात. आघाडीवरचा मृत्यू ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि आजार किंवा अपघाताचा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणून लिहिला जातो. घरात शहीद म्हणून पूजलेला माणूस दुसऱ्या यादीत निघाला तर त्याने त्याची सेवा कमी ठरत नाही, पण खरे तेच लिहावे.

महायुद्धातल्या माणसाचे नाव कोणत्याच यादीत सापडले नाही, तर एक दार उघडे आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सैन्यात असताना कोणत्याही कारणाने मेलेला माणूस, मग तो गोळीने गेलेला असो की पटकीने, कॉमनवेल्थच्या सूचीत येण्यास पात्र आहे. नाव गाळले गेले असेल तर वारस किंवा कोणीही अभ्यासक कागदपत्रे पाठवून ते घालायला लावू शकतो. हिंगणघाट, आर्वी किंवा देवळीकडच्या एखाद्या घरात डिस्चार्जचा कागद, नाव ठोकलेले पदक किंवा ब्राँझची तबकडी असेल, तर त्या वस्तूचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, कोतवाल बुकाची नक्कल सोबत लावावी आणि अर्ज पाठवावा.